मंगळवार-शुक्रवारचं दुखणं

अण्णा आमच्या तालुक्याच्या गावात एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. व्हर्नाक्युलर फायनल झालेले, अंगात पांढरा लेंगा-शर्ट, बोटांवर टिंक्चर आयोडिनचे न निघणारे डाग. लाकडी खिडकीमागे बसून ते मोठ्या बरणीतलं लाल मिक्स्चर पेशंटने घरून आणलेल्या बाटलीत ओतायचे, डोसांच्या खाचा कापलेली कागदाची पट्टी बाटलीला चिकटवायचे आणि पुड्या बांधता बांधता घरची चौकशी करायचे. सगळं गाव त्यांना अण्णाच म्हणायचं. त्यांचं आडनाव मला फार उशिरा कळलं, आणि इथे ते सांगायचं कारण नाही. गावाचं नावही लिहीत नाही. ज्या माणसाविषयी पुढे लिहावं लागणार आहे त्याची मुलं-नातवंडं असतील, आणि त्यांनी कुणाचं काही वाईट केलेलं नाही.

आईवडिलांचं, गुरूंचं ऋण माणूस उघडपणे सांगतो. माझ्यावरचं सगळ्यात मोठं ऋण नात्यागोत्यात नसलेल्या, आयुष्यात मोजकंच बोलणं झालेल्या या माणसाचं आहे. ते इतकी वर्षं मी चारचौघांत सांगितलं नाही, कारण ते सांगायचं तर माझ्यावर काय गुदरलं होतं तेही सांगावं लागतं. आता मी निवृत्त झालोय, आईवडील गेले, मुलं मोठी झाली. माझी कथा माझी आहे आणि ती सांगायला मला कुणाची परवानगी नको.

साल १९८०च्या आसपासचं. मी चौथीत होतो. स्कॉलरशिपच्या परीक्षेसाठी नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला शिकवणी लावली होती. सरांना गावात मोठा मान होता. गरिबाच्या पोराकडून फी घेत नसत, गणेशोत्सवात आरतीला पुढे असत, कुणाच्या घरी मयत झालं तर पहिल्यांदा धावून जात. आमच्याकडे आले की आई पितळी कपबशी बाजूला सारून चिनी मातीची काढायची. सर मला मंगळवारी आणि शुक्रवारी जादा तासाला थांबवून घेत. बाकीची मुलं गेलेली असत. त्या तासात माझ्या शरीराशी जे केलं जायचं त्याला माझ्याजवळ तेव्हा शब्द नव्हता. आज आहे, पण तपशील इथे देणार नाही. त्याने कुणाचंही भलं होत नाही. एवढं मात्र सांगतो की त्या माणसाने मला कधी मारलं नाही, दटावलं नाही. शाईपेन दिलं, पाठीवरून हात फिरवला, आणि अगदी हळू आवाजात सांगितलं की घरी बोललास तर नाना तुलाच फोडून काढतील आणि स्कॉलरशिप जाईल ती वेगळीच.

मी कुणाला सांगणार होतो? ज्यांना सांगायचं ती दोन्ही माणसं त्याच्यापुढे हात जोडून उभी असायची. लोक विचारतात, मूल बोललं का नाही. त्या माणसाने आधी घर जिंकलेलं असतं, मग मुलाला हात लावलेला असतो. मुलाला बोलायला जागाच उरलेली नसते.

माझं पोट मात्र दुखायला लागलं. आईने ओवा दिला, हिंग लावला. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, मग आवेचं. बरं वाटायचं आणि पुन्हा कळ यायची. नळाशी बायका म्हणायच्या, पोरगं अभ्यास चुकवतंय.

एका दुपारी आई डॉक्टरांशी आत बोलत होती आणि मी खिडकीपाशी बाटली घेऊन उभा होतो. अण्णा म्हणाले, "काल दुखत होतं का रे?"

"नाही. आजच."

"गेल्या खेपेला आलास तेव्हाही मंगळवारच होता. बाजाराची गर्दी होती. मंगळवारी काय असतं?"

"शिकवणी."

"शिकवणी तर रोज असते."

"मंगळवारी आणि शुक्रवारी जादा तास असतो."

अण्णांनी हातातली पुडी खाली ठेवली. खिडकीतून बाहेर आले, माझ्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "तिथं तुला नको वाटेल असं काही होतं का?" मी मान हलवली. काय होतं, कुठे, कसं, असलं एकही अक्षर त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "यात तुझं काही चुकलेलं नाही. आता तिथं जायचं नाही. पुढचं मी बघतो."

अत्याचाराची शंका आलेल्या मुलाशी कसं बोलावं याचं प्रशिक्षण मी नोकरीत असताना घेतलं. विश्वास ठेवा, दोष तुझा नाही हे सांगा, खोदून खोदून विचारू नका, न पाळता येणारं वचन देऊ नका, असं तिथल्या बाईंनी फळ्यावर लिहिलं. तालुक्याच्या गावचा एक कंपाउंडर हे कुठे शिकला असेल? बहुधा कुठेच नाही. रोज माणसांची दुखणी बघणारा, लक्ष देऊन बघणारा माणूस होता तो. डॉक्टरांनी माझं पोट तपासलं होतं. अण्णांनी वार तपासला.

पुढचं मला आईकडून कळलं, तेही मी मोठा झाल्यावर. अण्णा आधी डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, आपलं काम औषध देण्याचं, कुणाच्या अब्रूत हात घालण्याचं नाही. मग त्याच संध्याकाळी ते आमच्या घरी आले. नाना पोस्टात कारकून, स्वभावाने सरळ पण तापट. ते संतापले, अण्णांना चालते व्हा म्हणाले. अण्णा उंबऱ्यातच उभे राहिले. "नाना, रागावू नका. सरांचा विचार उद्या करा, पोराचा आज करा." तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "उद्यापासून तो जाणार नाही." सासू-सासऱ्यांपुढे, नवऱ्यापुढे कधी आवाज न काढलेली माझी आई. नाना त्या रात्री माझ्याशी काही बोलले नाहीत. माझ्या अंथरुणाशी बसून राहिले. मारलं तर नाहीच.

अण्णा तिथे थांबले असते तरी माझ्यापुरतं खूप झालं होतं. पण त्यांनी मला विचारून घेतलं होतं की इतर वारी सर जादा तासाला आणखी कुणाकुणाला थांबवतात. ते त्या घरांमध्येही गेले. एका ठिकाणी दार लावून घेतलं. एका ठिकाणी बाप म्हणाला, मुलाच्या जातीला काय होतंय. पोलिसात कोणी गेलं नाही. त्या काळी मुलाच्या बाबतीत दंडसंहितेचं ३७७ कलम तेवढं होतं, आणि त्यासाठी चौथीतल्या पोराला भर कोर्टात उभं राहून वकिलाच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागली असती. शेवटी गावातले काही वजनदार लोक बसले आणि त्यांनी ठरवलं की बोभाटा नको, सरांनी गाव सोडावं. सरांनी सोडलं. दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन त्यांनी पुन्हा शिकवणी काढली असं पुढे ऐकलं.

याचा मला आजही संताप येतो. गावाने आपली अब्रू वाचवली आणि धोका दुसऱ्या गावाच्या पोरांकडे रवाना केला. त्या पोरांना अण्णा भेटले असतील का, हा विचार माझ्या मनातून गेलेला नाही. आपल्याकडे अशी प्रकरणं आपसात मिटवणं याला शहाणपण म्हणतात. शिक्षकाची बदली, पुजाऱ्याला दुसरं देऊळ, चुलत्याला काही दिवस घरी न बोलावणं. मिटत काहीच नाही. फक्त मुलं बदलतात.

आणि अण्णांचं काय झालं? महिन्याभरात डॉक्टरांनी त्यांना कामावरून कमी केलं. प्रॅक्टिसवर परिणाम होतो म्हणाले. गावात कुणीतरी उठवलं की कंपाउंडरने सरांकडे पैसे मागितले, मिळाले नाहीत म्हणून कुभांड रचलं. अण्णांच्या घरात खाणारी तोंडं पाच. काही महिने त्यांच्या बायकोने पापड लाटून घर चालवलं, मग त्यांना लांबच्या गावी एका औषधाच्या दुकानात काम मिळालं. पहाटे सायकलवर निघायचे, रात्री परत. ज्या घरांतली मुलं वाचली त्या घरांनी त्यांच्या बाजूने एक शब्द उच्चारला नाही. आमच्या घरानेही चारचौघांत नाही. आई दर सणाला गुपचूप डबा पाठवायची, एवढंच. मी ऋण म्हणतो ते याचं. माझं बालपण ज्या किमतीत परत मिळालं ती किंमत अण्णांच्या घराने भरली.

मी डी.एड. करून जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलो तेव्हा त्यांना भेटायला गेलो. म्हातारे झाले होते, पण दुकानात जात होते. मला बघून पहिला प्रश्न, "पोट दुखत नाही ना आता?" मी पाया पडलो आणि धीर करून विचारलं, एवढं सगळं अंगावर घेऊन तुम्ही ते का केलंत. ते जरा गोंधळले. म्हणाले, "मला माहीत झालं होतं ना. माहीत झाल्यावर काय करणार?" बस्स. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही, माझ्या शाळेचा पट किती आहे ते विचारलं.

अण्णा गेले त्यानंतर काही वर्षांनी, २०१२ साली, संसदेने बालकांचं लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा केला. आपण त्याला पोक्सो म्हणतो. १४ नोव्हेंबर २०१२पासून तो लागू झाला. त्यातलं १९वं कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला अण्णांचं ते वाक्य ऐकू आलं. असा गुन्हा घडल्याची माहिती असलेल्या, किंवा घडण्याची भीती वाटणाऱ्या कोणत्याही व्यक्तीने तो पोलिसांना कळवलाच पाहिजे, असं ते कलम सांगतं. डॉक्टर, शिक्षक, शेजारी, आत्या, रिक्षावाला, कोणीही. पुरावा गोळा करायचा नाही, खात्री करत बसायचं नाही. तपास हे पोलिसांचं काम. माहीत असून न कळवणाऱ्याला २१व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर वर्षापर्यंत कैद. याच कलमात एक ओळ आहे: न कळवल्याबद्दलची ही शिक्षा मुलांना लागू नाही. म्हणजे बोलण्याची जबाबदारी कायद्याने मुलाच्या खांद्यावरून काढून मोठ्यांच्या खांद्यावर ठेवली. शाळाशाळांतून आपण चांगला स्पर्श-वाईट स्पर्श शिकवतो, आणि ते शिकवलंच पाहिजे, मीही वर्षानुवर्षं शिकवलं. पण तेवढं शिकवून हात झटकणारे पालक आणि मुख्याध्यापक पाहिले की मला राग येतो. आठ वर्षांच्या पोराने नाही म्हणावं, पळावं, ओरडावं, आणि आपण काय करावं? आपण 'घरची गोष्ट आहे' म्हणावं?

हे लोण किती दूरवर पसरलेलं आहे ते सरकारच्याच पाहणीने दाखवून दिलं होतं. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अहवाल काढला. त्यातल्या ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं. त्यांत मुलगे निम्म्याहून किंचित जास्तच होते. बहुतेकांनी ते त्याआधी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. 'मुलाच्या जातीला काय होतंय' म्हणणाऱ्या त्या बापाला हा अहवाल दाखवावा असं मला फार वाटलं. गुन्ह्यांच्या राष्ट्रीय नोंदी दरवर्षी प्रसिद्ध होतात, त्यांतही तेच दिसतं: आरोपी बहुतेक वेळा मुलाच्या ओळखीचा. घरचा, शेजारचा, शिकवणीचा.

आणि पुष्कळदा मानाचाही. गोव्यात मडगावला अनाथ मुलांसाठी घर चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला लोक दानशूर मानत होते. १९९१ साली त्याला अटक झाली, त्याच्याकडे मुलांच्या छायाचित्रांचा ढीग सापडला. शीला बारसे या पत्रकार-कार्यकर्तीने पाठपुरावा सोडला नाही, आणि १९९६ साली त्याला जन्मठेप झाली. पुढे २००३ साली गोव्याने मुलांसाठी स्वतःचा कायदा केला, पोक्सोच्या नऊ वर्षं आधी. पीट्सविषयी वाचताना मला आमच्या सरांची आरती आठवायची. भलेपणाचं नाव ज्याला मिळालं त्याच्याविरुद्ध मुलाचा शब्द टिकत नाही, म्हणून तो शब्द मोठ्या माणसाने उचलावा लागतो.

माझ्या नोकरीच्या काळात मला तो एकदा उचलावा लागला. मुलगा की मुलगी, कितवीत, कोणतं गाव, काहीच सांगणार नाही. मुलाची ओळख फुटू नये असं कायदा म्हणतो ते योग्यच आहे. हजेरीपटावर खुणा करता करता ध्यानात आलं की एक मूल ठरावीक वारी गैरहजर असतं किंवा घरी जायची वेळ झाली की त्याचं डोकं दुखतं. मी अण्णांसारखाच वार बघितला, तेवढंच विचारलं. त्याच दिवशी पोलीस ठाण्यात गेलो. गावातून माणसं आली: गुरुजी, त्या लेकराचं पुढे लग्न कसं व्हायचं, गुरुजी, तुमची बदली होईल. वाक्यं चाळीस वर्षांपूर्वीचीच होती. फरक एवढाच की या खेपेला माझ्या पाठीशी कायदा होता. महिला उपनिरीक्षक साध्या कपड्यांत मुलाच्या घरी आल्या आणि त्यांनी मुलाच्याच शब्दांत जबाब लिहून घेतला. पोलिसांनी चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीला कळवलं. मुलाबरोबर कोर्टापर्यंत जाणारी सहायक व्यक्ती मिळाली. साक्ष झाली तेव्हा आरोपी मुलाच्या नजरेसमोर येणार नाही अशी व्यवस्था होती. राज्याच्या मनोधैर्य योजनेतून मदत मिळाली. सगळीकडे असं सुरळीत होतं असं मी म्हणत नाही. खटले रेंगाळतात, कायदा वर्षात निकाल लावायला सांगतो तरी रेंगाळतात. पण १९८० साली अण्णांच्या हाती यातलं एकसुद्धा साधन नव्हतं.

साधनं असूनही आपण गप्प बसतो, हे मला जास्त बोचतं. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या एका वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवरचे अत्याचार उघडकीला आले तेव्हा, त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरला कळूनही त्याने कळवलं नाही असा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्याच्यावरची कारवाई रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरवला आणि माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हा असल्याचं स्पष्ट केलं. मी तो निकाल वाचला आणि लाकडी खिडकीमागची ती दोन माणसं आठवली, एक आतल्या खोलीतलं, एक बाहेरचं. ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरला बालवर्गातल्या दोन चिमुरड्यांच्या बाबतीत तक्रार नोंदवायला इतका उशीर झाला की हजारो लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. मग उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली, आणि न कळवल्याबद्दल शाळेच्या चालकांवरही गुन्हा दाखल झाला. रुळांवर उतरलेल्यांचा संताप खरा होता. पण फाशी द्या ही घोषणा देणं सोपं. २०१९च्या दुरुस्तीने पोक्सोमध्ये फाशीची तरतूद आलीच आहे. माझं मत विचाराल तर आरोपी सख्खा मामा किंवा काका असतो तेव्हा फाशीच्या नावाने घर आणखी गप्प होतं. मुलाला वाचवते ती पहिल्या शंकेला झालेली पहिली नोंद.

अण्णांच्या धाकट्या मुलीला मी मागच्या वर्षी भेटलो आणि तिच्या वडिलांनी काय केलं होतं ते तिला पहिल्यांदा सांगितलं. कामावरून का काढलं हे त्यांनी घरात कधीच सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, लिहा; आमच्या बापाने पैसे मागितले नव्हते हे तेवढं लिहा. म्हणून लिहितो: अण्णांनी कुणाकडे एक पैसाही मागितला नव्हता. ते खरं बोलत होते, आणि ज्या मुलाबद्दल बोलत होते तो मी.

तुमच्या ओळखीतल्या एखाद्या मुलाविषयी तुमच्या मनात शंका आली असेल, तर १०९८ या क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास आणि मोफत चालतो. नाही लागला तर ११२ लावा, किंवा सरळ पोलीस ठाण्यात जा. चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीबद्दल तुमच्यावर कुठलीही दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही, हे त्या १९व्या कलमातच लिहिलेलं आहे. आणि तुमच्या गावात कुणी अण्णांसारखं बोललं, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जा आणि चारचौघांत त्याच्या बाजूला उभे राहा.